पुष्कळ अजुनी उणा : टिळकांच्या ओळी आणि माझा विश्वास

नारायण वामन टिळकांचं एकही गीत लागलं नाही असा रविवार आमच्या मंडळीत क्वचितच येतो. पाळकसाहेब गीताचा नंबर सांगतात, पेटीवर सूर धरला जातो, ढोलकी सुरू होते आणि पुढच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या बायका पुस्तक न उघडताच गायला लागतात. 'उपासना संगीत' हे आमचं गीतांचं पुस्तक, मराठी प्रोटेस्टंट घरात ते पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, शेजारीच ठेवलेलं असतं, आणि त्यात टिळकांची गीतं शंभराहून जास्त आहेत. लहानपणी ही गीतं कोणीतरी बसून लिहिली असतील असं डोक्यातच येत नाही. आजी गाते म्हणून आपण गातो, बस.

आवडता ख्रिस्ती लेखक कोण असं कोणी विचारलं की बहुतेक जण सी. एस. लुईसचं नाव घेतात, नाहीतर एखाद्या अमेरिकन पास्टरचं, ज्यांची पुस्तकं चर्चच्या बाहेरच्या टेबलावर विकायला असतात. त्यातली बरीच मीही वाचलीत आणि त्यांचा उपयोगही झालाय. पण ज्याच्यामुळे माझा विश्वास टिकला, आणि खरं सांगायचं तर ज्याच्यामुळे विश्वास म्हणजे काय हे मला थोडंफार कळलं, तो माणूस रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात 1861 साली एका चित्पावन ब्राह्मणाच्या घरी जन्मला आणि नगरमध्ये राहून मराठीतच लिहीत राहिला.

त्यांचं एक गीत आहे, 'पुष्कळ अजुनी उणा, प्रभु मी, पुष्कळ अजुनी उणा रे'. मोठा शब्द नाही, उपमा नाही, अलंकार नाही. माणूस देवापुढे उभा राहतो आणि सांगतो की माझ्यात अजून खूप कमी आहे. यात काय विशेष असं वाटेल, पापाची कबुली तर प्रत्येक चर्चमध्ये दर रविवारी होते. पण टिळकांच्या या ओळीत घाबरणं अजिबात नाही हे मला फार उशिरा जाणवलं. आम्ही ज्या प्रवचनांवर वाढलो त्यात बऱ्याचदा देव म्हणजे हिशोब तपासणारा असायचा, आणि कमतरता म्हणजे शिक्षेचं कारण. टिळक तीच कमतरता सांगतात पण घरच्या माणसाला सांगावी तशी, त्या शेवटच्या 'रे' मध्ये सगळी सलगी आली. आणि हे लिहिणारा कोण, तर संस्कृतचा पंडित, नावाजलेला कवी, दीक्षित पाळक, ज्याला ऐकायला गावोगावचे लोक जमायचे. त्याने स्वतःला पोचलेला म्हणवून घेतलं असतं तरी कोणी हरकत घेतली नसती.

मला टिळकांकडून जे मिळालं ते नेमकं हेच आहे. पोचलेल्या माणसाचं लिखाण वाचून मला कधी बळ आलेलं नाही, उलट आपण किती मागे आहोत हेच टोचत राहतं. टिळक शेवटपर्यंत चालत होते, घर सोडलं, जात सोडली, नंतर मिशनची नोकरी सोडली, आणि प्रत्येक वेळी अजून पुढे जायचंय म्हणूनच सोडलं, हातात काही नसताना सोडलं. त्यांची गीतं त्या चालण्यातली आहेत म्हणून ती माझ्यासारख्याला गाता येतात.

आता थोडं त्यांच्या आयुष्याबद्दल, कारण बऱ्याच मराठी वाचकांना टिळक म्हटलं की एकच टिळक आठवतात. नारायणरावांची आई लवकर गेली, वडिलांशी पटलं नाही, ते नाशिकला आले आणि तिथे गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत शिकले. नाशिकजवळच्या जलालपूरच्या मनू गोखले हिच्याशी लग्न झालं, ती पुढे लक्ष्मीबाई टिळक. मग नोकऱ्या, गावं बदलणं, नागपूरला आप्पासाहेब बुटींकडे जुन्या संस्कृत ग्रंथांचं काम, 'ऋषी' नावाचं मासिक. डोक्यात सतत एकच घोळत होतं की या देशाला एकत्र बांधेल, जातीच्या वर नेईल असा धर्म कुठला, आणि कुठल्याही उत्तराने समाधान होत नव्हतं. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एक गोरा माणूस भेटला, संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या, उतरताना त्याने नवा करार हातात ठेवला आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असं सांगून गेला. टिळकांना ते तेव्हा अशक्यच वाटलं होतं. पण वाचीन असा शब्द दिला होता म्हणून वाचायला घेतलं, मत्तयाच्या पाचव्या अध्यायापाशी आले, डोंगरावरचं प्रवचन, 'जे आत्म्याने दीन ते धन्य' तिथून पुढे, आणि तिथून त्यांना उठवेना. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

या सगळ्यात मला सगळ्यात जवळचं वाटतं ते हे की त्यांना कोणी वादात हरवलं नाही. मोठमोठ्या पंडितांशी वाद घालायची त्यांची तयारी होती, पण त्यांना धरलं ते त्या तीन अध्यायांतल्या साध्या वाक्यांनी. कवीला वाक्यांनीच धरावं लागत असेल. मी स्वतः जेव्हा जेव्हा कोरडा पडतो तेव्हा धर्मशास्त्राची पुस्तकं बाजूला ठेवून मत्तय पाच ते सात काढतो, ही सवय मला टिळकांनी लावली.

आणि तुकाराम. टिळक म्हणायचे की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. हे वाक्य आमच्याकडे इतक्या वेळा उद्धृत होतं की त्याची धार गेलीय, म्हणून जरा थांबून बघायला हवं. त्या काळात ख्रिस्ती होणं म्हणजे जुनं सगळं टाकायचं अशीच पद्धत होती, नाव बदला, कपडे बदला, इंग्रजी चालीवर गा. मिशनऱ्यांची मराठी गीतं होती, काही चांगलीही होती, पण बरीचशी इंग्रजी चालीवर बसवलेली. ती आजही आम्ही गातो आणि गाताना कळतं की शब्दाला चालीसाठी ओढावं लागतंय, ऱ्हस्व अक्षरावर सूर लांबतोय आणि दीर्घ अक्षर घाईत उरकतंय. टिळकांनी अभंग घेतला, ओवी घेतली, पदं घेतली, टाळ-मृदंग घेतले, कीर्तन केलं. नगरला ख्रिस्ती कीर्तन त्यांच्याआधी कृष्णराव सांगळ्यांनी सुरू केलं होतं, तेव्हा वाट अगदीच नवी नव्हती, पण टिळकांनी त्यावर घर बांधलं. त्यांच्या अभंगात येशू हा माऊली आहे, सखा आहे, गुरू आहे, आणि ऐकणाऱ्या वारकऱ्याला यात परकं काही वाटू नये इतकं ते घरचं आहे.

हे माझ्यासाठी नुसतं साहित्याचं प्रकरण नाही. मराठी ख्रिस्ती माणसाला आयुष्यभर एक प्रश्न विचारला जातो, कधी कौतुकाने कधी संशयाने, की तुम्ही ख्रिश्चन ना, मग तुमचं मराठी इतकं चांगलं कसं? शाळेत विचारला, ऑफिसात विचारला, भाड्याचं घर शोधताना तर हमखास. लहानपणी मी गप्प बसायचो. कॉलेजात टिळकांच्या अभंगांचं पुस्तक, अभंगांजली, हाती आलं आणि वाचताना वाटलं की उत्तर इथे आहे आणि ते भांडून द्यायचं नाही. ज्या भाषेत ज्ञानोबा-तुकोबा बोलले त्याच भाषेत, त्याच छंदात एक माणूस येशूशी बोलतोय आणि त्याला कोणाची परवानगी लागत नाहीये. देवाशी बोलायला मला माझ्या आजीच्या भाषेतून बाहेर पडायची गरज नाही हे कळणं, ते एवढं मोठं होतं की मी त्या दिवसापासून प्रार्थना वेगळ्या आवाजात करायला लागलो. म्हणजे आधी प्रार्थनेची मराठी वेगळीच असायची, पुस्तकी, 'हे स्वर्गीय पित्या आम्ही तुझ्या चरणी' वगैरे, ती वाईट नाही, पण ती माझी नव्हती.

टिळकांची ख्रिस्ती गीतं ज्यांनी कधी ऐकली नाहीत त्यांनीही एक कविता मात्र शाळेत वाचलेली असते, 'केवढे हे क्रौर्य'. शिकाऱ्याचा बाण लागलेली पक्षीण पिलांकडे परत येते ती. 'क्षणोक्षणि पडे, उठे, परि बळे, उडे बापडी'. पृथ्वी वृत्त आहे, मोठ्याने म्हणून बघा, ऱ्हस्व अक्षरं भराभर पळतात आणि मग 'पडे', 'उठे', 'उडे' इथे दीर्घावर अडखळतात, पुन्हा पळतात, पुन्हा अडखळतात. जखमी पाखराचं उडणंच त्या अक्षरांत उतरलंय. आम्हाला मास्तरांनी गण पाडून दाखवले होते, य-मा-ता-रा-ज-भा-न-स-ल-गा करत, पण हे असं ऐकवलं असतं तर वर्गातला कोणीच ती ओळ विसरला नसता.

ही कविता ख्रिस्ती कविता म्हणून कोणी शिकवत नाही, तिच्यात येशूचं नावही नाही. पण ती पक्षीण घरट्यात येऊन पिलांना काय म्हणते बघा. 'तुम्हांस अजि अंतिचा कवळ एक मी आणिला.' मरणाऱ्या आईने आणलेला शेवटचा घास. मी प्रभुभोजनाच्या रविवारी, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण करतो तेव्हा, भाकरी हातात घेतो तेव्हा मला ही ओळ आठवते, दरवेळी. ज्याने सकाळी लोकांना गाऊन रिझवलं त्यालाच लोकांनी बाण मारला, हेही त्या पक्षिणीच्या तोंडी आहे, आणि मरताना तिच्या ओठांवर शाप नाही. मला त्यात उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, दिसतो. आणि मग ती पिलांना सोपवते, 'करी जतन यापुढे प्रभु पिता अनाथां सदा'.

बाबा आजारी होते तेव्हाची गोष्ट सांगतो. आयसीयूच्या बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या असतात तिथे मी आणि आई बसायचो, आत एका वेळी एकालाच सोडायचे. मंडळीतले लोक येऊन प्रार्थना करून जायचे, चांगल्या मनाने करायचे, पण त्यांच्या प्रार्थनेत बाबा बरे होणारच असं ठामपणे असायचं आणि डॉक्टर आम्हाला वेगळंच सांगत होते. मला त्या दिवसांत प्रार्थना करता येईना. राग होता असंही नाही, शब्दच नव्हते, तोंड उघडलं की काहीतरी खोटं बाहेर येईल असं वाटायचं. एका रात्री आई खुर्चीत बसल्या बसल्या झोपली होती, तिची पर्स माझ्या मांडीवर, पर्समधून औषधांच्या चिठ्ठ्या बाहेर आलेल्या, त्या मी घडी घालून आत ठेवत होतो आणि डोक्यात आपोआप ती शाळेतली ओळ सुरू झाली. प्रभु पिता अनाथां सदा. सातवी-आठवीत पाठ केलेली ओळ. त्यात बरं कर अशी मागणी नव्हती, सगळं ठीक होईल असं आश्वासनही नव्हतं. पक्षीण वाचत नाही त्या कवितेत. तरी ती पिलांना सोपवताना कोणाच्या हाती सोपवायचं हे तिला माहीत आहे. मी तेवढीच ओळ म्हणत राहिलो, बाबा जाईपर्यंत तीच माझी प्रार्थना होती आणि नंतरही बराच काळ दुसरी नव्हती.

म्हणून कोणी म्हणतं की टिळकांची ती कविता 'फक्त' करुण आहे, तेव्हा मला राहवत नाही. फुलामुलांचा कवी म्हणून त्यांचं कौतुक होतं, ते खरंच आहे, लहान मुलं, फुलं, पाखरं यांच्यावर त्यांनी भरभरून लिहिलं. पण ते कौतुक करताना त्यांना गोड कवी करून टाकतात. त्यांच्या पाखरांना बाण लागतात हे विसरून चालत नाही.

आता ज्या गोष्टीपाशी मला सगळ्यात जास्त थांबावं लागतं ती. लक्ष्मीबाई.

टिळक बाप्तिस्मा घ्यायला निघाले तेव्हा बायकोला विश्वासात घेतलं नव्हतं. तिला कळलं ते झाल्यावर. पदरात लहान मुलगा दत्तू, माहेर कडकडीत सोवळ्याचं, वडिलांचं सोवळं तर इतकं की घरातली प्रत्येक गोष्ट धुवून घेतल्याशिवाय चालायचं नाही, आणि नवरा बाटला. त्या काळच्या ब्राह्मण घरात विधवेपेक्षाही ही अवस्था अवघड, कारण नवरा जिवंत आहे आणि तरी नाही. चार-पाच वर्षं दोघं वेगळी राहिली, मधला काही काळ लक्ष्मीबाई पंढरपुरात होत्या. हे सगळं त्यांनी आपल्या आत्मचरित्रात, 'स्मृतिचित्रे'त, लिहिलंय आणि असं लिहिलंय की वाचताना हसू येतं आणि पुढच्याच ओळीला गळा भरून येतो. टिळकांचा तापटपणा, विसरभोळेपणा, घरात पैसा टिकू न देणारं औदार्य, काहीच लपवलेलं नाही.

मी टिळकांचा चाहता आहे म्हणून हे झाकून ठेवणार नाही. देवाच्या हाकेला ओ देताना त्यांनी जे केलं त्याची किंमत सगळ्यात आधी त्या बाईने मोजली आणि तिला विचारून मोजली नाही. माझ्या ओळखीत असे प्रसंग आहेत जिथे एकाच्या विश्वासामुळे घर तुटलं आणि ते घर परत जुळलं नाही, त्यामुळे मला हे नुसतं इतिहास म्हणून वाचता येत नाही. बायबलमध्ये येशूचं ते कठीण वाक्य आहे ना, जो आपल्या बापावर किंवा आईवर माझ्यापेक्षा जास्त प्रीती करतो तो मला योग्य नाही, त्या वाक्यावर प्रवचन करणं सोपं, पण ते घरात घडतं तेव्हा कसं दिसतं ते स्मृतिचित्रेत दिसतं.

आणि मग पुढचं येतं. लक्ष्मीबाई नगरला आल्या त्या ख्रिस्ती व्हायला आल्या नाहीत. वेगळी चूल, वेगळं पाणी, सोवळं-ओवळं सगळं जसंच्या तसं. टिळकांनी त्यांची सोय करून दिली, जबरदस्ती केली नाही. ज्या माणसाने जातीसाठी नव्हे तर जात मोडण्यासाठी सगळं टाकलं होतं त्याने आपल्याच घरात बायकोचं सोवळं सांभाळलं, रोज, धीराने, तापट स्वभाव असून. हळूहळू लक्ष्मीबाईंच्या मनातच प्रश्न उभा राहिला की ही जात देवाने केली की माणसाने, आणि उत्तर त्यांचं त्यांनी शोधलं. 1900 मध्ये राहुरीला त्यांनी आणि दत्तूने बाप्तिस्मा घेतला. मी हे पुन्हा पुन्हा वाचतो कारण आमच्याकडे साक्ष देताना लोक म्हणतात 'मी त्याला प्रभूकडे आणलं'. टिळकांनी लक्ष्मीबाईंना आणलं नाही. त्या आल्या. त्यांच्या पायांनी, त्यांच्या वेळेला, आणि त्यांचं स्वतःचं भांडण देवाशी मिटवून.

त्यांचं नगरचं घर म्हणजे धर्मशाळाच होती. अनाथ मुलं, दुष्काळात-प्लेगात कोणी उरलं नाही अशी मुलं, शिकायला आलेली पोरं. त्यातच त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा कोवळा कवी, ज्याला 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात बालकवी म्हणून नाव मिळालं होतं, तो टिळकांकडे राहायला आला. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत. टिळकांनी त्यांना पोटच्या मुलासारखं सांभाळलं आणि मराठीला निसर्गाचा एवढा मोठा कवी मिळाला त्यात या घरचाही वाटा आहे. प्रेमाला अट नव्हती एवढंच म्हणतो, यावर जास्त लिहायची गरज नाही.

पण 1917 बद्दल मात्र लिहायला हवं, कारण त्यावर आमच्या चर्चमध्ये फारसं कोणी बोलत नाही. टिळक 1904 मध्ये दीक्षित पाळक झाले होते, अमेरिकन मराठी मिशनमध्ये वीसेक वर्षं काम झालं होतं, 1842 पासून चालत आलेल्या 'ज्ञानोदय' या मिशनच्या नियतकालिकाचा मराठी भाग ते बघत होते. पगार होता, मान होता, वय पंचावन्नच्या पुढे गेलेलं, तब्येत खालावत चाललेली. अशा वयात त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली. त्यांना दिसत होतं की येशूवर प्रेम करणारे कितीतरी हिंदू लोक चर्चच्या दारापर्यंत येऊन परत जातात, कारण आत सगळं साहेबी आहे, आणि पगार घेणारा प्रचारक म्हटलं की लोक त्याचं बोलणं पगाराचं समजतात. साताऱ्याला जाऊन त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघंही येशूचे शिष्य म्हणून एकत्र बसतील. ख्रिस्ती संन्यासच तो. दोन वर्षंही पुरती मिळाली नाहीत, 9 मे 1919 ला मुंबईत ते गेले.

दरबार फार टिकला नाही, म्हणून काही जण त्याला फसलेला प्रयोग म्हणतात. मला ते पटत नाही. नगरकडे काम करणाऱ्या जॅक विन्स्लो या इंग्रज मिशनऱ्याने टिळकांचं चरित्र लिहिलं आणि 1922 मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला, आश्रमाच्या पद्धतीचा, खाली बसून जेवणारा, भारतीय आणि इंग्रज बरोबरीने राहणारा, त्यामागे टिळकांचीच प्रेरणा होती. म्हणजे बी रुजलं होतं. आणि दरबार उभा राहिला नसता तरी मला फरक पडला नसता. निवृत्तीच्या हिशोबाला लागायच्या वयात एका माणसाला वाटतं की आपण अजून पूर्णपणे येशूच्या मागे गेलेलो नाही, आणि तो उठतो. 'पुष्कळ अजुनी उणा' हे त्यांनी नुसतं गायलं नाही हे तिथे कळतं. त्या शेवटच्या वर्षांतल्या अभंगांत मला एक वेगळीच निकड जाणवते, वेळ कमी आहे आणि बोलायचं खूप आहे अशी. ते अभंग रात्री मनात वाचण्याचे नाहीत, पहाटे मोठ्याने म्हणण्याचे आहेत, शक्य असेल तर टाळ घेऊन.

आमच्या भजनी मंडळात तरुण पोरं आता कीबोर्ड आणि ड्रमपॅड घेऊन येतात, हिंदी-इंग्रजी वर्शिप गाणी बसवतात, मला त्याचं वाईट वाटत नाही, त्यांचाही देव तोच आहे. पण नाताळच्या आधीच्या प्रॅक्टिसला एकदा एका पोराने टिळकांचं पद त्याच्या गिटारवर वाजवून बघितलं, आधी चुकत माकत, मग एका मावशीने त्याला ठेका हाताने मांडीवर धरून दाखवला, आणि ते जमल्यावर त्याने विचारलं की काका हे कोणी लिहिलंय, हे तर एकदम आपल्या बोलण्यासारखं आहे. त्याला स्मृतिचित्रे वाचायला दिलंय. पहिले काही भाग वाचून झाले असं त्याने व्हॉट्सअपवर कळवलंय आणि खाली लिहिलंय की मला टिळकांचा राग येतोय. मी म्हटलं येऊ दे, पुढे वाच.

पुढे ख्रिस्तायन आहे. टिळकांची फार दिवसांची इच्छा, येशूचं चरित्र ओव्यांमध्ये, मराठी माणसाने पोथी वाचावी तसं वाचता येईल असं. त्यांनी सुरुवातीचे काही अध्याय लिहिले आणि काम अर्धवट राहिलं. ते पूर्ण कोणी केलं तर लक्ष्मीबाईंनी. चौसष्ट अध्याय. जिला शाळा माहीत नव्हती, जिला ख्रिस्ताचं नाव म्हणजे संसार मोडणारं नाव होतं, तिने म्हातारपणी बसून त्याच ख्रिस्ताचं चरित्र ओवीत पुरं केलं. 1936 मध्ये त्या गेल्या, पुस्तक 1938 मध्ये आलं. टिळकांच्या विश्वासाबद्दल मला कोणी पुरावा मागितला तर मी त्यांची गीतं दाखवणार नाही, हे चौसष्ट अध्याय दाखवीन. त्यांच्या सगळ्या चुका जिने जवळून सोसल्या तिला शेवटी त्यांचं उरलेलं काम आपलं वाटलं.

लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात, आम्ही घरी रात्री जेवणं झाली की ख्रिस्तायनातला थोडा थोडा भाग मोठ्याने वाचतो. आई ऐकते, मधेच थांबवते, एखादी ओवी परत म्हणायला लावते. तिला टिळकांपेक्षा बाईंच्या ओव्या जास्त आवडतात, त्या सोप्या आहेत म्हणते, स्वयंपाकघरात उभं राहून ऐकल्या तरी कळतात. माझं मत तसं नाही, मला टिळकांच्या ओवीतला भार आवडतो, आणि यावर आमचं रोज थोडं बोलणं होतं. तुम्हाला सुरुवात करायची असेल तर मी म्हणेन आधी स्मृतिचित्रे घ्या, पूर्ण, संक्षिप्त आवृत्ती नको, आणि ते वाचून झालं की मग अभंगांजली उघडा. उलट क्रमाने वाचलंत तर अभंग छान वाटतील, पण ते कोणत्या घरातून आलेत ते कळणार नाही.